बाळाच्या डाव्या हातातलं लोणी

प्रिय नागसेन,

नवीन जालन्याच्या पोस्टात पेन दोरीनं बांधलेलं असतं, आणि देशाच्या सुरक्षेसाठी ती दोरी चार बोटं आखूड ठेवलेली असते. परिणामी बावन्न वर्षांचा, वर्तमानपत्रात लोकांची टवाळी करून पोट भरणारा मी टेबलावर जवळजवळ आडवा होऊन हे लिहून राह्यलो. निषेध नोंदवून घे.

संग्रहालयानं तुला निलंबित केल्याचं कळलं. चौकशी गुरुवारी, हेही. आमच्या घरी त्याचीच दिवाळी चालू आहे. काकासाहेब, म्हणजे माझे वडील, येईल त्याला सांगतात, "देव्हाऱ्यातली यशोदा संग्रहालयात नागसेनकडं साफ करायला दिल्ती. त्यानं बाळाच्या हातातलं लोणी खरवडलं अन् येशूची आई मेरी करून वापस पाठवली!"

तूही ते चित्र लहानपणी पाहिलेलं. वीतभर कागद, निळ्या ओढणीतली आई, मांडीवर बाळ. मागचे मनोरे म्हणजे गोकुळ आणि वरचं पंखवालं पोर म्हणजे गरुड, हे आम्ही तीन पिढ्या परस्पर ठरवून टाकलेलं. तुझा अहवाल मी चारदा वाचला. दख्खनच्या दरबारातल्या चिताऱ्यानं फिरंग्यांच्या छापचित्रावर पातळ कातडं ठेवून रेषा उतरवल्या, कातडं उलटं पडलं, म्हणून उजवा हात डावा झाला. येशू डाव्या हातानं आशीर्वाद देतोय आणि लोणी अलीकडच्या पोस्टर रंगाचं. बिलकुल बराबर. पण ज्यानं खरवडलं त्याच्याच अहवालावर विश्वास कोण ठेवतो?

तो डावा हात काकासाहेबांना फार खुपायचा. असला आशीर्वाद घरात नको, चित्र गोदावरीत सोडून येतो, म्हणाले. आई दोन दिवस जेवली न्हाई. मंग एका दुपारी, आपण सातवीत असताना, त्या हातात लोण्याचा गोळा आला. दिव्याची काजळी पुसली तर खालून निघाला, असं आईनं शांतपणे सांगितलं. काकासाहेबांनी हात जोडले. आई गेली तरी गोळा राहिला.

काकासाहेबांनी तुझ्याविरुद्ध केलेल्या तक्रारीतलं एक वाक्य तुला पाठ झालं असेल: 'यांनी स्वतःचा धर्म बदलला, आता आमच्या यशोदेचाही बदलला.' घरात वाचलं तेव्हा सगळे हसले. काकासाहेबांनी माझी पाठ थोपटली. वाक्य माझं आहे, नागसेन. जमून आलं म्हणून मलाही आवडलं होतं.

लोणीही माझंच. तसं सहीनिशी लिहून चौकशी अधिकाऱ्याला आत्ताच रजिस्टर केलं. ते वाक्य कुणाचं, हेही त्यात आहे. सकाळी काकासाहेबांना वाचून दाखवलं. "तुझ्या आईला माहीत होतं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ताट तसंच ठेवून ते उठले. गुरुवारी मी येतोय. तू ओळख दाखवली न्हाईस तरी साक्ष देईन.

अजून एक. पांढरा रंग तुझ्या दप्तरातून घेतला होता. त्या दिवशी चित्रकलेच्या तासाला, रंग आणला नाही म्हणून सरांनी तुला उन्हात उभं केलं आणि मी बाकावर बसून खिडकीतून बघत राहिलो. या पाकिटासोबत पांढऱ्या रंगाची एक बाटली पाठवतोय.

तुझाच,
दीनानाथ