मोहाच्या चॉकलेटात साखर शून्य

२२ सप्टें., सोमवार
नवे बॉक्स आले. छपाई झकास. झाकणावर मोहाचं झाड, आत बारा खण. बचत गटातल्या बायका हातात घेऊन घेऊन पाहत होत्या. शेवंताताई अध्यक्ष, पण तीच पदराने एकेक बॉक्स पुसून ठेवत होती. मागच्या बाजूला पोषणाचा तक्ता, इंग्रजीत. बारावी सायन्स झालेली मी एकटीच, म्हणून मोठ्यानं वाचला. ऊर्जा, प्रथिनं, लोह. साखर शून्य! बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण.
घरी येताना डोक्यात आलं. चॉकलेटात पडणारा गूळ तर मीच किसते रोज. शून्य कसं?

२४, बुधवार
शे.ला विचारलं. म्हणे, "पंकजभाऊनं देल्लं ते. त्याच्यापेक्षा तुले जास्त समजते काय?"
पंकज म्हणजे आम्हाला चंद्रपूरच्या दुकानाची दिवाळीची ऑर्डर आणून देणारा. बॉक्सही त्यानंच छापून दिले. त्याला फोन लावला, तपासणी कुठे केली म्हणून. "ताई, गूळ म्हणजे साखर नसते ना." बरं, मग मोहफूल? ते नुसतं तोंडात टाकलं तरी गोड लागतं. "ते नॅचरल आहे." आणि ठेवला फोन.
तपासणीचं उत्तर दिलंच नाही त्यानं.

२६, शुक्रवार
गुरुजींकडे गेले. शाळेत गणित शिकवायचे मला. आता पंच्याहत्तरी उलटली, शुगर आहे. सोमवारी मीच त्यांना बॉक्स दिला. मीच म्हटलं, शून्य आहे गुरुजी, बिनधास्त खा. रात्री जेवण झालं की दोन खातात. मशीनवर आकडा चढलाय. काकू चिडल्यात, चोरून काही खातात म्हणून. गुरुजी खाली मान घालून बसलेले. "नाई वं, मी तं भातबी कमी केला."
त्यांच्या घरात त्यांच्यावर संशय. माझ्यामुळे.
उरलेला बॉक्स उचलला. काकू म्हणाल्या, "काऊन नेऊन राह्यली?" म्हटलं, बदलून आणते. खोटं बोलले.

२८, रविवार
चंद्रपूर. बसस्टँडजवळच्या दुकानात शुगर-फ्री चॉकलेटचा बॉक्स दिसला, कुठल्यातरी बाहेरच्या कंपनीचा. उलटा करून पाहिला. आमचाच तक्ता. पॉइंटनंतरचे आकडेसुद्धा तेच. प्रोटीनचं स्पेलिंग आमच्याकडे चुकलंय, इथेही तसंच चुकलेलं. दुकानदार म्हणे, घ्यायचा आहे का नुसता वाचायचा? घेतला.
ह्यांच्यात गूळ नाही, मोह नाही. गोडीला दुसरंच काहीतरी टाकलंय, नाव धड वाचता येत नाही. त्यांचं शून्य खरंही असेल. आमचं उचललेलं आहे.

२९, सोमवार
दोन्ही बॉक्स पिशवीत घालून शे.च्या घरी. बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या सासऱ्यांनी ताटलीतलं आमचं चॉकलेट उचललं. त्यांनाही शुगर आहे. शे.ने ते हातातून काढून घेतलं. "बाबा, तुमच्यासाठी नाई ते." अगदी सहज.
मी बॉक्स बाहेर काढलेच नाहीत. चहा घेऊन आले.
तिला माहीत आहे? की म्हाताऱ्या माणसाला गोड नको, एवढंच? चार वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा रोज सकाळी येऊन माझ्या दारात बसायची. "तू नाई आली तं मीबी कामावर जात नाई." तिच्यावरच मी आता...

१ ऑक्टो., बुधवार, नागपूर
उद्या दीक्षाभूमीवर यायचंच होतं, एक दिवस आधी निघाले. प्रयोगशाळेत आमचे दोन बॉक्स दिले. फॉर्मवर गटाचं नाव लिहायला हात होईना. स्वतःचं लिहिलं. आठवडा लागेल म्हणाले.
बहिणीकडे मुक्काम. तिला पण नाही सांगितलं. आता लपवणारी मीच.

४, शनिवार
शे.: "दीक्षाभूमीले एक दिवस आधीच काऊन गेली वं?"
"बहिणीकडे काम होतं."
दिवसभर माझ्याकडे पाहत होती, मी वळले की बॉक्स मोजायला लागायची.
पॅकिंग जोरात. एक नवीन बाई आली कामावर, दोन महिन्यांखाली माहेरी परत आलेली. खण असे सुबक भरले तिनं! जाताना म्हणे, उद्या पण येऊ न? हे बंद पडलं तर तिला काय सांगू.

७, मंगळवार
गुरुजींना सांगून टाकलं. तक्ता दुसऱ्याचा आहे म्हणून. रागावतील वाटलं होतं. चष्मा काढून बसले नुसते. मग, "छापलेलं होतं न, रत्ना." एवढंच. काकू उठून आत गेल्या. चॉकलेट बंद केल्यापासून आकडा उतरतोय म्हणे.

९, गुरुवार
रिपोर्ट मोबाईलवर आला. वजनाच्या जवळजवळ अर्धी साखर. लोह आहे, नावापुरतं.
पंकजला सांगितलं. हसला. "सगळे असंच करतात ताई. दिवाळीत मागची बाजू कोण वाचतं?" मग एकदम, "तपासायला कोणी सांगितलं तुम्हाला? शेवंताताईंना माहीत आहे हे?"
आवाज घाबरलेला. कशाला घाबरला? तिला कळेल म्हणून, की ती आधीच सामील आहे म्हणून?

१०, शुक्रवार
रिपोर्टची प्रिंट काढून दुपारी कोठीत गेले. शे. एकटीच. बॉक्सची चळत पार खिडकीच्या वर.
"वाच," म्हणाली. वाचला, मराठीत सांगितला.
"परत वाच."
परत वाचला.
मग मीच विचारलं, "बाबाचं चॉकलेट काढून घेतलं तू. तुले माहीत होतं काय?"
"मले एवढंच माहीत होतं, विचारलं तं उत्तर भेटन. म्हणून नाई विचारलं."
म्हटलं, प्रत्येक तक्त्यावर कागद चिकटवू, खरं लिहू.
"आन् दुकानदारानं सगळे बॉक्स परत पाठोले तं? गटावर चाळीस घरं हायेत, रत्ना."
"शुगरवाल्यांचीबी घरंच हायेत न."
तिनं माझ्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या, कमरेला खोचला. कोठीला कुलूप लावलं. गेली. मागे वळून पाहिलं नाही.
उद्या दहाला माल न्यायला गाडी येते. मी सगळ्यांना नऊला बोलावलंय. आत्ताच दोघी-तिघी विचारून गेल्या, शेवंताताई येईन न? येईल म्हटलं. कशाच्या भरवशावर, माहीत नाही. चावी तिच्याकडे.
रिपोर्ट माझ्या मोबाईलमध्ये आहे अजून. मी एकटीही दाखवू शकते. पण तो कागद तिनंच कमरेचा काढून सगळ्यांपुढे ठेवावा असं वाटतं.