चरकाचे तेल

॥ श्री ॥

यमगर्णी, शनिवार,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६०

चि. सुबराव भावजी यांस अंजनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. मामंजींचा खोकला कमी आहे. म्हैस व्याली, रेडी झाली. शहापुरात सुताच्या वखारीत तुमचे बरे चालले असेल आणि जेवणाचे हाल होत नसतील, असे धरून चालते.

तुमचे पत्र आणि गाडीच्या वंगणाचा डबा, दोन्ही पोचले. यंदा गुऱ्हाळाच्या चरकाला एरंडेल न लावता हे काळे वंगण लावा, नाहीतर चरक विकून टाका, असे तुम्ही लिहिले. पत्राच्या शेवटी तुम्ही एक गोष्ट विचारली आहे. तिचे उत्तर शेवटी लिहिते.

मामंजींनी तुमचे ऐकले. सकाळी ऊस पिळणाऱ्या लाटांच्या माथ्यावर वंगण फासले आणि स्वतः बैलांमागे फिरले. एकदा लावले की दिवसभर पाहायला नको, हे तुमचे खरे आहे. पण माथ्यावर लावलेले लाटांवरून खाली ओघळते, आणि खाली रसच असतो. यल्लाप्पा गुळव्याने मला हाक मारली.

"वैनी, हिकडं या. कायलीत मोराचा पिसारा फुललाय बघा."

रसावर निळी-जांभळी साय तरंगत होती. त्याने पळीने काढली तरी पुन्हा धरली. उकळी आली तसा रॉकेलसारखा वास सुटला.

"ह्यो गूळ निपाणीच्या पेठेत न्हेला तर अडत्या माझ्याच तोंडाला फासंल," यल्लाप्पा म्हणाला.

"फासू दे," मामंजी म्हणाले. "तोंड धुता येतंय. हात गेला तर?"

यल्लाप्पा चुलाणात चिपाडे सारू लागला.

थोड्या वेळाने शेजारच्या शालूबाई नातवाला घेऊन रसासाठी तांब्या घेऊन आल्या. मामंजींनी तांब्या हातात घेतला. घागरीपाशी गेले, वाकले, आणि तसेच परत आले. "उद्या ये गं," एवढेच म्हणाले. आपल्या गुऱ्हाळावरून कोणाचा तांब्या रिकामा परत गेलेला मी या घरात आल्यापासून पाहिला नव्हता. शालूबाई गेल्यावर त्यांनी ती कायल उकिरड्यावर ओतायला लावली. चरक पुसून घेतला. पण मग एरंडेल लावा, असेही कोणी म्हणेना. कोण म्हणणार?

एरंडेल पातळ होऊन उतरते, म्हणून सारखे लावत राहावे लागते. बैल थांबवले तर चुलाण फुकट जळते, म्हणून हे, तुमचे अण्णा, चालत्या चरकालाच चिंधीने लावायचे. तुम्ही कितीदा ओरडलात, ते मला ठाऊक आहे. पुढचे मी लिहीत नाही.

सोमवारी महादेवाला गेले होते. पिंडीवर गळतीचे भांडे टांगलेले असते. वातीच्या टोकाला थेंब धरतो, पडतो, पुन्हा धरतो. मी बराच वेळ पाहत राहिले. नमस्कार करायचे राहून गेले. सासूबाईंच्या नवसाचे तसेच तांब्याचे भांडे आपल्या फडताळात आहे. देवाचे भांडे चरकाला लावू का, असे मामंजींना विचारले.

"लाव. देवाला सांग, म्या मागितलंय म्हणून."

वर बैलांचा दांडा फिरतो, त्याच्या खाली भांडे राहील अशी कडी लोहाराकडून चौकटीला ठोकून घेतली. भोक मोठे करून तीन वाती ओवल्या, प्रत्येक लाटेच्या माथ्यावर एक. पहिल्या सकाळी थंडीने एरंडेल वातीतून उतरेचना. मग भांडे चुलाणाजवळ ठेवून ऊब दिली, तेव्हा उतरले. वाती जाड ठेवल्या आहेत. थेंब सावकाश पडतो.

"बेतानं हां वैनी," यल्लाप्पा म्हणाला. "लई उतरलं तर सगळ्या निपाणीला जुलाब हुतील."

मामंजी हसले. वर्षानंतर हसले.

अर्धा दिवस चरक फिरवून पाहिला. कोणाचा हात लाटांजवळ गेला नाही. गूळ पिवळा उतरला, वास नाही. शालूबाईंचा तांब्या मी स्वतः भरून नेऊन दिला.

भांडे बांधायला मात्र मलाच चढावे लागले, मामंजींचे हात कापतात. वर्षभर मी चरकाजवळ फिरकले नव्हते. तुमचे अण्णा जिथे उभे राहायचे तिथेच पाय द्यावा लागतो, दुसरी जागाच नाही. हे भांडे गेल्या वर्षीही फडताळात होते. हा विचार माझ्या मनातून जात नाही. तुमच्याही मनात असेच काहीतरी असणार, म्हणून लिहिले.

बैल तुमच्या हाती होते, म्हणून मला तुमचा राग आहे असे तुम्ही समजता. तसा राग कधी नव्हता. तुम्ही हाक ऐकताच बैल थांबवलेत, जू सोडून दांडा एकट्याने मागे रेटलात. बैल मागे चालत नाहीत, यात तुमचा काय दोष? राग आहे तो तेराव्यानंतर तुम्ही न सांगता निघून गेलात त्याचा. तो अजून आहे. आल्यावर जाईल.

आता तुम्ही विचारलेले. बेळगावच्या इस्पितळाच्या वाटेवर गाडीत मीच त्यांच्या उशाला होते. अण्णा तुमच्याबद्दल काही बोलले का, असे तुम्ही विचारता. काहीतरी गोड रचून लिहावे असे वाटले, पण ते तुम्हाला कळले असते. ते फारसे बोललेच नाहीत. एकदा डोळे उघडून म्हणाले, "सुब्यानं बैलांस्नी पाणी दावलं का? तान्हेली असतील." मी हो म्हटले. मग डोळे मिटले. एवढेच.

मामंजींच्याने हंगामभर बैलांमागे फिरणे होणार नाही, आणि कासरा परक्याच्या हाती द्यायला ते तयार नाहीत. ऊस उभा आहे. बुधवारच्या मोटारीने निपाणीला या. मामंजी गाडी घेऊन नाक्यावर थांबतील.

तुमचे वंगण फुकट गेले नाही. त्याच गाडीच्या आसाला घातले आहे. चाक आता कुरकुरत नाही.

तुमची वहिनीच,
अंजनी