कुंकवानं दाखवलेला तडा

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

तामलवाडी
दि. २५ ऑक्टोबर २०२३

ती. धोंडीकाका यांस,
पुतणी दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं काकू ओरडून सांगतात. त्यात माझं म्हणणं कुठल्या कुठं जातं, म्हणून पत्रच टाकते आहे.

परवा खंडेनवमीला नेहमीप्रमाणं विळे, खुरपी, कुऱ्हाड आणि आबांची ठासणीची बंदूक पाटावर मांडून पूजा केली. हळदकुंकू वाहिलं. काल दसऱ्याच्या सकाळी बंदूक पुसून खुंटीला लावायला घेतली, तर दस्त्याच्या मानेवर, जिथं आपण मूठ धरतो तिथं, कुंकवाची एक बारीक रेघ राहिली. ओल्या फडक्यानं पुसली, तरी जाईना. नख फिरवलं तर नख अडकलं. काका, तो तडा आहे. नळीची मागची शेपटी जिथं दस्त्यात बसते, तिथून निघून खाली बोटभर उतरलाय.

काळ्या फायबरच्या दस्त्यावर एरवी तो दिसलाच नसता. कधीपासून आहे, देवीला माहीत. चैत्रात आबांच्या तिथीला तुम्ही आला होता, तेव्हा अख्खी दुपार बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. तेव्हा तुमच्या नजरेला काही आलं होतं का?

मका कणसात आहे आणि रानडुकरांचा कळप ओढ्याच्या अंगानं रोज उतरतो. मी छर्रा घालत नाही, नुसती दारू आणि चिंध्यांचा गोळा ठासून आवाजाचा बार काढते, एवढंच. हे ढोकीला कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरवर गेलेत, ते होळीशिवाय येत नाहीत. तेव्हा तडा चिकटवून चालेल का, आणि तोवर बार काढला तर चालेल का, ते लगेच कळवा. हा दस्ता तुम्हाला पहिल्यापासून आवडत नाही हे ठाऊक असूनही विचारते आहे, कारण दुसऱ्या कुणाला विचारू?

काकूंच्या गुडघ्यांना आराम पडो. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
दीपमाला

•

ईट
दि. २९ ऑक्टोबर २०२३

चि. दीपमाला हीस,
काका धोंडीबाचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच निवला. आधी हुकूम ऐक, मग शिव्या. त्या बंदुकीतून एकही बार काढायचा न्हाय. आवाजाचा न्हाय, देवाच्या नावाचाही न्हाय. इथं ईटला एका गड्याचा दस्ता मानेतून तुटला आणि घोडा गालात घुसला. जन्मभर एका बाजूनं चावून खाल्लं त्यानं. तुझा गाल मला त्या मक्यापेक्षा महाग आहे.

चिकटवायचा तर विचारही करू नकोस. मान ही सगळा धक्का झेलणारी जागा. तिथं चिकटवलेलं म्हणजे फुटक्या मडक्याला लिंपण.

आता शिव्या. मी तेव्हाच बोललो होतो, की पाण्याची टाकी ज्या मालाची करतात त्याचा दस्ता कुणी करतं का? जुना दस्ता मी शिसवीचा केला होता. सतरा दिवस लागले होते. दादानं, म्हणजे तुझ्या आबानं, तो पहिल्यांदा खांद्याला लावला तेव्हा माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, तेवढ्यात मला सगळं मिळालं. तो दस्ता तू काढून टाकलास! चुलीत घातलास का कोंबड्यांच्या खुराड्याला लावलास, ते तरी कळव. आणि तुला हा काळा दस्ता बसवून देणारा तो सोलापूरचा दुकानदार, त्याला म्हणावं, तू बादल्याच विक.

बरं, आता नीट उत्तर दे. एक तर जावईबापू दारू बसावी म्हणून दस्ता दगडावर आपटत असणार. आमच्या वेळी आपटत होते, पण त्याला खाली पितळी पत्रा असायचा. न्हायतर खिळखिळं वाटलं म्हणून त्यांनी स्क्रू आवळला असणार. ट्रॅक्टरचा हात तो, नट म्हटलं की पिळायचाच. न्हायतर डिझेलनं धुतली असणार. खरं काय ते लिही, झाकू नकोस.

आणि तुझ्या त्या कुंकवानं काम चांगलं केलंय, तेच पुढं कर. मी लाकडाला काजळी चोळून तडा बघायचो. अख्खा दस्ता कोरडा पूस, तेलाचा थेंब ठेवू नको, मग कुंकू चोळ आणि कोरड्या फडक्यानं पूस. कुठंकुठं रेघ राहते ते कागदावर काढून पाठव. तडा कुठून सुरू झाला ते कळलं की तो कुणी पाडला तेही कळतं. चैत्रात मला काही दिसलं न्हाय. त्या काळ्या मालात माणसाला काय दिसणार?

काकू म्हणते, एवढं रागानं लिहू नका. मी तिला म्हटलं, पत्र माझं आहे. राग सगळा इथं उतरवलाय, आशीर्वाद मात्र अंगणभर आहेत.

तुझा काका,
धोंडीबा

•

तामलवाडी
दि. २ नोव्हेंबर २०२३

ती. धोंडीकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जास्त राग आला.

यांचं नाव कशाला घेता? परवाना माझ्या नावावर आहे. आबा गेल्यावर साहेबांच्या कचेरीत चकरा मी मारल्या. ती बंदूक हे खुंटीवरून काढतसुद्धा नाहीत, म्हणतात, दीपमाला, मला तिच्यापेक्षा तुझीच भीती वाटते. दस्ता दगडावर आपटलेला नाही. स्क्रू कुणी आवळलेला नाही. डिझेल लावलेलं नाही. बार काढला की मी कोमट पाण्यानं नळी धुते, कोरडी करते, तेलाचा हात फिरवते. हे सगळं मला आबांनी शिकवलं आणि आबांना तुम्ही शिकवलं. चुकत असेल तर आधी स्वतःला बोला.

कुंकू चोळलं. सोबत कागद आहे, दस्ता कागदावर आडवा ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली आणि तडे तांबड्या पेनानं काढले. खालच्या टोकाला एकही रेघ नाही, म्हणजे आपटण्याचा प्रश्न मिटला. स्क्रूच्या भोकांभोवती काही नाही, म्हणजे आवळण्याचाही मिटला. रेघ एकच आहे, नळीच्या शेपटीच्या अगदी मागून निघते आणि पुढं दोन फाटे फुटतात. डावा फाटा लांब आहे. पाचर मारल्यावर ओंडका फाटतो ना, थेट तसा.

हुकूम पाळलाय. बंदूक खुंटीला आहे आणि मी पत्र्याचा डबा बडवते. मंगळवारी तिन्हीसांजेला कळप आला. डब्याला बाकीची डुकरं पळाली, पण पिलांची आई पळाली नाही. ती माझ्यावर आली. मी विहिरीच्या कठड्यावर चढले म्हणून हे पत्र लिहिते आहे. ती खाली किती वेळ फुरफुरत होती आणि मी वर रिकामा डबा धरून उभी. मक्याच्या सहा ओळी आडव्या झाल्या. हे यांना कळवलेलं नाही, तुम्हीही कळवू नका.

तेव्हा काका, कोण चुकलं हे शोधणं पुरे झालं. बंदूक कधी चालेल ते सांगा.

काकूंना नमस्कार. त्यांचं ऐकत जा. तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,

दीपमाला

•

ईट
दि. ६ नोव्हेंबर २०२३

चि. दीपमाला हीस,
अ. उ. आ.

कठड्याचं वाचून काकूनं देवापुढं दिवा लावला आणि मी बाहेर जाऊन बसलो. पुन्हा एकटी डबा घेऊन जायचं न्हाय. शेजारच्या दोघांना हाक मार, फटाके लाव. मका गेला तर जाऊ दे.

तुझा कागद भिंतीला चिकटवून दोन दिवस बघतोय. झकास काढलायस. जावईबापूंना सोडलं. आता मला चोर दिसला.

ऐक. बार उडाला की नळी मागं सरकू बघते. तो धक्का तिनं दस्त्यात पुढं जी जाड जागा असते तिथं द्यायचा. शेपटीच्या मागं मात्र थोडी फट लागतेच, दुमडलेलं पोस्टकार्ड जाईल एवढी. ती फट बुजली की शेपटीच छिन्नी होते. प्रत्येक बाराला मानेत घुसते. लाकूड काही दिवस सोसतं, कारण त्याला रेषा असतात. हे फायबर आतून पोकळ, ते सोसत न्हाय. तुझी रेघ ओरडून सांगतीया, शेपटीमागं कुणीतरी काहीतरी कोंबलंय.

हे त्या सोलापूरवाल्याचंच काम! नळी हलते अशी तुझी कुरकुर नको म्हणून दिलं असणार काहीतरी ठोकून. हातात कला न्हाय आणि डोक्यात कळ न्हाय. असल्या माणसाच्या हाती हत्यार देणारा माणूस आंधळा असला पाहिजे. मी इतकी वर्षं दस्ते केले, मला तर कल्पनासुद्धा करवत न्हाय.

आता असं कर. आधी ठासायचा गज नळीत सोड, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघ. आतली खोली आणि बाहेरची लांबी सारखी भरली तरच नळी रिकामी. घोड्याखाली बाराची टोपी न्हाय ना, ते बघ. मग शेपटीचा एकच स्क्रू काढ, पुढची खीळ काढ आणि नळी अलगद उचल. मागं काय निघतं ते कागदात गुंडाळून मला पाठव. ज्या गाढवानं ते घातलं त्याचं नाव कळव. मी स्वतः एसटीनं जाऊन त्याचे कान पिळीन, आणि सगळ्यांच्या देखत पिळीन. वयाचं बघणार न्हाय.

एवढा राग आहे तरी जीव तुझ्यातच अडकलाय, हे वेगळं लिहायला नको.

काका,
धोंडीबा

•

तामलवाडी
दि. १० नोव्हेंबर २०२३

ती. धोंडीकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलंत तसं केलं. नळी रिकामी होती. स्क्रू काढला, नळी उचलली. शेपटीच्या मागं एक पाचर निघाली. कागदात गुंडाळून पाठवते आहे. बाभळीची आहे, नखाएवढी, फार सुरेख तासलेली. सोलापूरच्या दुकानात बाभूळ कुठून येणार, असं मनात आलं आणि मी ती उलटून पाहिली.

मागं निळ्या पेन्सिलीचे तीन ठिपके आहेत. आमच्या पोळपाटाच्या खाली आहेत, देव्हाऱ्याच्या मागं आहेत, माझ्या पाळण्याच्या दांडीवर होते, थेट तसेच. गाढवाचं नाव मी कळवत नाही. ठिपके तुम्ही ओळखाल.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते. पण विहिरीच्या कठड्यावर मी रिकामा डबा धरून उभी होते, ते त्या पाचरीपायी. म्हणून आज सगळंच लिहिते.

शिसवीचा दस्ता मी चुलीत घातलेला नाही. आबांच्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवलाय आणि दर खंडेनवमीला त्याला जवसाचं तेल लावते. तो मी का काढला हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तो आबांच्या हाताच्या मापाचा होता. आबा किती उंच होते! मी तो खांद्याला लावला की चापाला बोट पोचेना. बोट पोचवायला दस्ता खांद्यावरून सरकवून दंडावर घ्यावा लागे, आणि प्रत्येक बाराला दंड निळा. मी तुम्हाला दोन पत्रांतून लिहिलं होतं, की लागतं. दोन्ही वेळा तुमचं उत्तर होतं, की सवय होईल. सोलापूरच्या त्या बादलीवाल्यानं मला समोर उभं केलं, हात वाकवायला सांगितला आणि माप घेतलं. आयुष्यात बंदुकीसाठी माझं माप घेणारा तो पहिला माणूस.

आणि चैत्रात तुम्ही कुणाला न विचारता स्क्रू काढलात, पाचर ठोकलीत, आणि चहा पिऊन गेलात. मृगापासून दसऱ्यापर्यंत मी वीस-बावीस बार काढले. प्रत्येक वेळी गाल तिथंच टेकवला होता.

दिवाळीचा नमस्कार काकूंना. तुम्हालाही.

दीपमाला

•

ईट
दि. १६ नोव्हेंबर २०२३

चि. दीपमाला हीस,
अ. आ.

पाचर मिळाली. ठिपके माझेच. काकूनं बघितलं, पाचर माझ्या हातात परत दिली आणि आत गेली.

त्या दुपारी नळी हलत होती. खटखट वाजत होती. मला ते सोसलं न्हाय. मनात म्हटलं, बघा, प्लास्टिकला पकड न्हाय, आणि खिशातनं चाकू नि बाभळीचा तुकडा काढला. लाकडाच्या दस्त्यातसुद्धा तिथं फट सोडायची असते, हे मी दुसऱ्यांना आयुष्यभर सांगत आलो. पण तो माझा दस्ता नव्हता ना. त्याचा मला राग होता. रागानं काम केलं आणि नेटकं केलं, वर सही ठोकली, आणि घरी पोचेस्तोवर विसरूनही गेलो. आता माझाच मला असा संताप आलाय, की रंधा हातात घेतला तर लाकूड वाकडं निघतंय. तुझ्या गालाला काही झालं असतं तर मी कुणाचे कान पिळणार होतो?

तुझी ती दोन पत्रं शोधली. माझ्याच पेटीत होती. लागतं, असं स्वच्छ लिहिलंयस. मी सवय होईल असं लिहिलं, कारण मला वाटलं, दस्ता बरोबर आहे आणि पोरगी चूक आहे. सतरा दिवस खपून केलेली वस्तू चूक कशी असेल? वस्तू चूक नव्हतीच. ती तुझी नव्हती, एवढं मला सुचलं न्हाय.

मला गोड बोलून माफ करायचं न्हाय. मला राग दे, तोच मला पचेल.

आता काम. फायबरचा दस्ता मोडीत काढ, कुणाच्या हाती लागू देऊ नको. शिसवीचा दस्ता मी मागून कापणार आहे. दोन दिवस हे वाक्य लिहायला धीर होत नव्हता. दादाचं माप त्यात आहे. पण दादा आता बार काढत न्हाय, तू काढतेस. हात कोपरात काटकोनात वाकव, बोट चापावर ठेवल्यासारखं कर. कोपराच्या आतल्या घडीपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत दोरा धर आणि गाठ मारून पाठव. गाठ पोचली की मी निघतो. दस्ता बसवून झाला की बंदूक आपण दोघं सोलापूरला नेऊ, तो बादलीवाला तपासून बरोबर म्हणेल तेव्हाच बार निघेल. त्याला मी नमस्कारही करीन. कान दोन्ही बरोबर आणतो आहे.

माया मागायचं तोंड न्हाय, तरी मागतो.

धोंडीबा

•

तामलवाडी
दि. २० नोव्हेंबर २०२३

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत दोरा आहे. त्यावर एक नव्हे, दोन गाठी आहेत. कुंकवात बुडवलेली गाठ माझी. पुढची कोरी गाठ शिसवीच्या दस्त्यावर धरून मारली, ती आबांची.

दोन्ही गाठींमध्ये तुमची बोटं ठेवून बघा. बरोबर तीन मावतील. एवढ्याची मला सवय व्हायची होती.

राग मागितलात, तो दिला. एसटी दुपारी येते, मी फाट्यावर उभी राहीन. काकूंनाही आणा. मायेचा दोरा मात्र मोजून पाठवत नाही.

दीपमाला