एकाच ताग्यातले दोन खण

सांगली, श्रावणी सोमवार, संध्याकाळ

पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलंय. कोयनेचे दरवाजे अजून उघडेच. दुपारी कृष्णामाईची ओटी भरली, हिरवा खण वाहिला, म्हटलं, बाई गं, आता माघारी फिर. तरी जीव थाऱ्यावर नाही. गाद्या माळ्यावर टाकल्या, काढल्या, पुन्हा टाकल्या.

तेवढ्यात दुष्काळी कवठे महांकाळला दिलेल्या लेकीचा फोन. "आई, कॅनॉलला पाणी आलं! कृष्णेच्या पुराचंच उचलून सोडलंय. आमी बायकांनी वटी भरली. तू दिलेला हिरवा खण वाहिला बघ."

"काय मागितलंस?"

"आटू नगंस म्हटलं."

फोन ठेवला. दोन्ही खण मीच एका ताग्यातून फाडून आणलेले. आता नदीनं कुणाचं ऐकावं? माझंच, असं लिहायला हात धजत नाही.