मोहाखाली साड्या अंथरा

आई, तुझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. पांडेसऱ्याच्या साड्या छापायच्या मिलमध्ये भट्टीजवळच उभा असतो, म्हणून थंडी कशी ती माहीत नाही. अंग दुखतं, पण जेवतो.

आता मोहाची फुलं गळतील. दादा वेचायला सोपं म्हणून झाडाखालचा पाला पेटवेल आणि आग टेकडीवर जाईल. साग बेशरम, जळला तरी मुळातून फुटतो. चारोळीची रोपं मात्र दरसाल मरतात. जुनी झाडं वठल्यावर चारोळीला तू किती लांब जाशील? गुडघा कसा आहे?

गावाकडे निघालेल्या योगराजसोबत मिलमधल्या बिघडलेल्या साड्या पाठवतोय. वहिनीला नेसू देऊ नको, मोराला तीन पाय छापलेत. मोहाखाली अंथरा, फुलं त्यावरच पडतील. दादाची आगपेटी लपव.

थकलोय गं. घरी येईन तेव्हा टेकडीवर चारोळीचं एक तरी झाड माझ्याहून लहान दिसू दे.

तुझा वांड
लोटू