आईच्या दगडावरची फणी

लेथम, अँगस
४ नोव्हेंबर १९६१

चि. गॅविन यास एफीताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण ते खोटं होईल. बाबांची छाती पार बसली आहे. चाळीस वर्षं दगडाची धूळ पोटात घेतली, ती आता उलटली. महिनाअखेर दिसेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी मला फाटकाशी गाठून सांगितलं. बाबांना सांगितलेलं नाही, पण त्यांना कळतंय.

त्यात परवाच्या वादळाने आईच्या कबरीवरचा दगड कलला. कबरी खणणारा डेव्ही म्हणतो की तो उपटून नव्याने बसवावा लागेल. आधी तो सरळ करा, मग मला न्या, असा बाबांचा हट्ट चालला आहे.

आता मुद्द्याचं. शवपेटी खाली सोडताना डोक्याकडची पहिली दोरी मुलाने धरायची असते, हे तुला मी सांगायला नको. ती जागा रिकामी राहिली तर गाव बोलेल. बोलू दे, गावाची मला पर्वा नाही. पण दोरी धरायला येण्यापेक्षा ते जिवंत असताना ये. अकरा वर्षं झाली रे! तुम्ही दोघं एकाच खाणीतले, कोणीतरी हलायला हवं, आणि त्यांना आता खरोखरच हलता येत नाही.

ओटच्या बिस्किटांचा डबा पाठवते आहे. माझा लोभ आहेच, तो वापरायला इकडे ये.

तुझी,
एफीताई

स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

डबा पोचला. निम्मी बिस्किटं चुरा झाली होती, ती चमच्याने खाल्ली.

मी येणार नाही. रागावू नकोस, पण एकदा माझ्या बाजूने बघ. आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. बाबांनी दगडाच्या वरच्या भागात चंद्रकोर आणि मोडलेला बाण कोरला आणि खालचा भाग मला दिला. मी अबर्लेम्नोला सायकलने चार खेपा मारल्या. तिथल्या रस्त्याकडेच्या दगडावरचा आरसा आणि फणी कागदावर उतरवून आणली, कारण आई आपल्याला तिथे नेऊन उभं करायची. शाळामास्तर म्हणायचे की ज्या दगडावर आरसा-फणी, तो बाईचा, आणि तिच्या माणसांनी मानाने उभा केलेला. हजार वर्षांपूर्वी ते दगड कोरणाऱ्या पिक्त लोकांनी काही लिहून ठेवलं नाही, त्यामुळे खरं कुणालाच ठाऊक नाही, असं बाबांचं उत्तर. मला मास्तरांचा अर्थ पुरेसा होता. आईला दिलेला माझा मान तेवढाच.

सतरा दिवस खपलो. आणि दगड बसवताना बाबांनी काय केलं, तू पाहिलंस. पाद्री, शेजारीपाजारी सगळे उभे असताना त्यांनी तो इतका खोल पुरला की माझं सगळं काम मातीखाली गेलं. मी विचारलं तर म्हणाले, फणीचे दाते वाकडे होते. नवऱ्याची चंद्रकोर वर, लेकाचा आरसा खाली.

ज्यांना माझ्या कामाची लाज वाटली, त्यांच्या पेटीला माझा हात कशाला? पहिली दोरी डेव्हीला दे.

तुझ्यावर राग नाही, हे तुला माहीत आहेच.

तुझा,
गॅविन

लेथम
१५ नोव्हेंबर

चि. गॅविन यास आशीर्वाद.

हे पत्र उभ्याने वाचत असशील तर आधी बस.

काल डेव्हीने आणि त्याच्या भावाने आईचा दगड उपटला. चंद्रकोरीची एक कड थंडीने ढलपून गेली आहे, बाण तर निम्माच उरलाय. माती धुतली तर खाली तुझा आरसा आणि फणी जशीच्या तशी, जणू छिन्नी आत्ताच खाली ठेवलीस. डेव्हीने टोपी काढली. मी तिथे ओल्या गवतावर बसून रडले, आणि मग चिडून तरातरा घरी गेले.

बाबांना सरळच विचारलं, की पोराचं काम का पुरलंत? ते भिंतीकडे वळले. मग म्हणाले, मी मातीतला भाग सोडायला विसरलो.

आधी मला कळेचना. मग समजलं. दगड लाकडी घोड्यांवर आडवा होता. त्यांनी माथ्यापासून पार तळापर्यंत जागा आखली, वरची स्वतःला, खालची तुला. त्या आठवड्यात आईचं दुःख डोक्यात होतं. तिसरा हिस्सा मातीत जातो ही पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट, तीच हा जन्माचा पाथरवट विसरला. दगड उभा करताना डेव्हीने विचारलं की किती खाली घेऊ, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. वर ठेवावा तर पहिल्याच वाऱ्यात पडणार. पुरावा तर तुझं काम जाणार.

मग दाते वाकडे असं का म्हणालात, हे मी सोडलं नाही. म्हणाले, सगळं गाव बघत होतं, तोंडातून निघून गेलं. संध्याकाळी पोराला खरं सांगू म्हटलं, तर संध्याकाळी तू गाडीत होतास. त्यानंतर दर वर्षी ते सांगणं जास्त जड झालं.

आपली चूक पोराच्या माथी मारली त्यांनी. मी त्यांना तसं तोंडावर म्हटलं. ते हो म्हणाले. आपल्या बाबांनी कुठल्या गोष्टीला नुसतं हो म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. पण ये. त्यांना आता पाणीही चमच्याने पाजते.

वाट बघणारी,
एफीताई

स्ट्रॉमनेस
२० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तीन दिवस पिशवी बांधून धक्क्यावर जातो आणि परत येतो. समुद्र असा खवळलाय की बोट सुटतच नाही. विमान आज उडेल म्हणतात, पण त्यात आजारी माणसं आणि टपाल आधी. म्हणून माझ्याआधी हे पत्र येईल.

तुझं पत्र वाचून दिवसभर खाणीत दगड फोडत होतो. मुकादम म्हणाला की घरी जा, दगडाने तुझं काय बिघडवलंय! मला अजून राग आहे. पण आता मला त्यांच्यासमोर उभं राहून रागवायचंय. त्यांना थांबायला सांग.

आणि नाहीच जमलं तर हे वाचून दाखव. बाबा, दोन दाते खरंच वाकडे होते. मला तेव्हाच माहीत होतं.

गॅविन

लेथम
२३ नोव्हेंबर

चि. गॅविन यास आशीर्वाद.

तार केलीच आहे, पण तारेत हे मावत नाही. बाबा आज दुपारी गेले. सोमवारी पुरायचं ठरलंय, आणि बोट सुटली नाही तर मंगळवारी, बुधवारी, कधीही. पाद्र्यांना मी सांगून ठेवलंय की पहिल्या दोरीचा माणूस वाटेत आहे.

तुझं पत्र सकाळीच आलं. दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. मग माझी बाही धरून म्हणाले, त्याला लिही, दोन नाही, तीन.

तेच शेवटचं. त्यानंतर बोलले नाहीत.

लवकर पोच रे बाबा.

एफीताई

स्ट्रॉमनेस
२ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. दोरीने तळव्यावर लाल वळ उठला होता, तो आता गेला. दगडाखाली बैठक घालून तो पूर्ण उंचीने उभा करायचा, हे डेव्हीशी नक्की केलंय. बाबांचं नाव मी मार्चमध्ये येऊन कोरीन. आरसा-फणी उघड्यावर थंडीने झिजेल असं तू म्हणालीस. झिजू दे, त्यासाठीच कोरली होती.

तुझं तेवीस तारखेचं पत्र इथे दाराच्या आत पडलेलं होतं. मी निघाल्यावर आलं असणार. तिकडे घरात माणसांची एवढी गर्दी होती, आणि मी ते वाचलंय असं तू धरून चाललीस. ते मी आत्ता वाचलं.

लेथमहून निघायच्या दिवशी मेण घासून फणीचा ठसा कागदावर घेतला होता. तो टेबलावर पसरला, दिव्याखाली धरला आणि एकेक दाता पट्टीने तपासला. माझे दोन लगेच सापडले. मग अगदी कडेला, आरशाच्या मुठीजवळ, केसभर कललेला आणखी एक.

तो मला सतरा दिवसांत दिसला नव्हता, ताई. त्यांनी अकरा वर्षं लक्षात ठेवला होता.

तुझा,
गॅविन