बुजवलेली नळी

आई, गेल्या आठवड्यात सांगलीत तुझी बंदूक रिकामी केली. तुझीच म्हणते. विकत आबांनी आणली, भिंतीवर आबांनी टांगली, पण आता ती त्यांची म्हणवत नाही.

आधी परवान्याचं. आबा फौजेतून पेन्शनवर आले, वडूजच्या रानात डुकरं शिरायला लागली, आणि पिकाच्या राखणीला ठासणीच्या बंदुकीचं लायसन मिळतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी अर्ज केला. चौकशीला पोलीस घरी आलाय, तू चहा ठेवतेयस, आणि तो सहज विचारतो, "वैनी, घरात भांडणतंटा काय न्हाई न्हवं?" तू पदर बाजूला करून खांद्यावरचा काळानिळा वळ त्याला दाखवतेस. लायसन नामंजूर. ते कळलं त्या दिवशी आबांनी तुला फौजेच्या पट्ट्यानं मारलं. पितळी बक्कल कपाळाला लागलं आणि रक्त परातीतल्या पिठात पडलं. तू लाल झालेलं पीठ तेवढं काढून टाकलंस, कपाळाला फडकं बांधलंस आणि उरलेल्याच्या भाकऱ्या थापल्यास. आम्ही दोघा भावंडांनी त्या खाल्ल्या, आई. लय भूक लागलेली.

मग आबा पुण्याहून नक्कल घेऊन आले. जुन्या काळच्या बंदुकीसारखी हुबेहूब, पुढून दारू ठासायची, मागच्या बारीक भोकाला बत्ती लावायची. पण नळी शिशानं बुजवलेली आणि भोक नुसतं खुणेपुरतं. न उडणारी नक्कल म्हणजे शोभेची वस्तू, तिला लायसन लागत नाही. त्यांनी ती मुद्दाम सैपाकघरात टांगली, चुलीसमोर. "बघ, हिला पोलिसाचं कागद लागत न्हाई आन तुझी साक्षबी लागत न्हाई." नंतर कधीमधी तीच खाली घेऊन दस्ता तुझ्या बरगडीत घालायचे. खंडेनवमीला हत्यारं पूजतात, तर तू म्हणालीस, पूजेआधी जरा पालिश करून आणते. मलकापूरला मामाचं लेथ मशीनचं दुकान होतं, तिथे घेऊन गेलीस. आबा खूश. बायकोला बंदुकीचं कौतुक वाटायला लागलं म्हणून चार लोकांत सांगत फिरले.

त्या दिवाळीनंतरची ती सकाळ. आबांनी भावाचा हात पिरगाळून त्याला भिंतीवर आपटलंय, तो कोपऱ्यात पडलाय, त्याच्या नाकातून रक्त चाललंय. तू बंदूक काढतेस. दस्ता काखेत, नळी आबांच्या छातीकडे, दुसऱ्या हातात चुलीतलं पेटतं लाकूड. आबा हसतात. इतके हसतात की चौकट धरावी लागते. "लाव की! लाव बत्ती! आयला, आमच्यात बी एक झाशीची राणी हाय!" त्यांच्या पाठीमागे दारात मी उभी आहे. तू मला म्हणतेस, "बाजूला हो गं." मी हलत नाही. खरं तर मलाही हसू येतंय, खेळण्याला काय भ्यायचं. "बाजूला हो म्हनते न्हवं!" लाकूड जळत जळत तुझ्या बोटांपर्यंत येतं. शेवटी तू ते चुलीत सारलंस आणि बंदूक परत खुंटीला टांगलीस. त्या दिवशी आबांनी तुझा पुढचा दात पाडला.

मग तू आजारी पडलीस. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आलीस ती पांढऱ्या कापडात झाकूनच. बंदूक होती तिथेच राहिली.

आता भाऊ फौजेत आहे, आणि घरात आबा आणि वहिनी. आबा थकलेत, हात थकलेला नाही. मागच्या महिन्यात आमटीत मीठ कमी म्हणून उकळतं पातेलं वहिनीच्या अंगावर लोटलं. मानेपासून छातीपर्यंत कातडं निघालं. मी पोलिसात जाऊ म्हटलं, तर फोनवर रडायला लागली. "आवं ताई, नगं. ह्यांना कळलं तर ड्यूटी सोडून पळत येतील. नोकरी जाईल की." त्याच दिवसांत गावातल्या मंडळाला मिरवणुकीसाठी बंदूक हवी होती. ती उडत नाही असा दाखला आणा, असं ठाण्यातून सांगितलं होतं. म्हणून आबा ती गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे सांगलीला आले आणि आम्ही दोघं बंदुकांच्या दुकानात गेलो.

दुकानदार गमत्या माणूस. "झ्याक हाय की. जावयाला घाबरवाय आणली व्हय?" म्हणत त्यानं नळीत लोखंडी गज सोडला. गज आत गेला. आत जातच राहिला. "बुजवलेली म्हणलासा न्हवं? मग ह्यो चाललाय कुठं?" त्यानं गज बाहेर काढून नळीवर धरून मापला. तळापर्यंत पोचायला चार बोटं कमी. त्याचं हसू गेलं. त्यानं नळीचं तोंड हळूच भिंतीकडे वळवलं. "ताई, मागं सरा. भरलेली हाय ही."

आतून चिंध्यांचा बोळा निघाला, मग सायकलचे छर्रे, खिळ्यांची डोकी, आणि शेवटी फटाक्यांतली दारू, दमट होऊन ढेकळं झालेली. एवढ्या दारूत माणूस मधोमध फाटला असता, असं तो म्हणाला. आणि मागे कुणी उभं असेल तर तेही. मी दुकानातूनच मामाला फोन लावला. तो म्हणाला, "तुझी आई म्हनली नळी न् भोक मोकळं कर, मी केलं. कशाला म्हून इचारलं न्हाई." मी आबांकडे बघते. ते त्या ढेकळांकडे बघतायत. "पेटतं लाकूड हुतं तिच्या हातात," ते म्हणतात. "आन मी हसत हुतो." बंदूक तिथेच सोडून ते उठून बाहेर गेले. तसेच चालत स्टँडवर गेले, मिळाली ती गाडी धरली.

दुकानदार म्हणाला, खरी जुनी असो नाहीतर नक्कल, उडती बंदूक म्हणजे बंदूक. बिगरलायसनची घरात सापडली तर आत जाल. "उघडी मी तुम्हाला नेऊ देणार न्हाई, बुजवा न्हायतर ठाण्यात जमा करा." मी समोर बसून बुजवून घेतली. शिसं ओतलं, भोक वेल्ड केलं. आता ती ठार मुकी आहे.

मंडळाला नाही म्हणून कळवलं. स्वतः गावी जाऊन बंदूक सैपाकघरात होती तिथे टांगली, आणि वहिनीला तुझी ती सकाळ सगळी सांगितली. आबा दारात उभे राहून ऐकत होते. "बुजवली का न्हाई?" त्यांनी विचारलं. मी भांडी लावत राहिले. तेव्हापासून ते सैपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीत. वहिनीचा काल फोन आला, कितीतरी दिवसांनी आवाजात जोर होता. "ताई, म्हातारं आज भायरनं इचारतंय, सूनबाई, भाकरी हाय का गं? मी म्हनलं, हाय, पर थांबा जरा."

आई, बुजवलीय हे मी आबांना सांगितलेलं नाही. वहिनीलाही नाही.